एका १८६५० सेलवर चालणारा ईएसपी३२: संरक्षण, चार्जिंग आणि उरलेल्या चार्जची मोजणी यांसाठी काय निवडावे?

ओलावा_नोंद:

सर्वांना नमस्कार. वाफ्यातील मातीचा ओलावा आणि तापमान दर १५ मिनिटांनी मोजून वाय-फायवरून घरातल्या संगणकाकडे पाठवणारे एक उपकरण मी छंद म्हणून तयार केले आहे. त्यात ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या कंट्रोलर चिपचा नेहमीचा डेव्हलपमेंट बोर्ड, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि ३००० मिलिअँपिअर-तासांचा एकच १८६५० (दंडगोल लिथियम-आयन) सेल आहे. सेल टीपी४०५६ या चार्जर चिपच्या मॉड्यूलला जोडलेला असून त्या मॉड्यूलचे आउटपुट मी थेट बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनला दिले आहे. उरलेला चार्ज कळावा म्हणून १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी सेलचे व्होल्टेज निम्मे करून ते एडीसीच्या (व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या) पिनवर घेतले आहे. ३.० व्होल्ट म्हणजे ० टक्के आणि ४.२ व्होल्ट म्हणजे १०० टक्के असे सरळ प्रमाण धरून टक्केवारी काढली आहे.

अडचण अशी आहे की पूर्ण चार्ज केल्यानंतर सहाव्या दिवशी उपकरण बंद पडते आणि त्यापूर्वीच्या शेवटच्या नोंदीत टक्केवारी ४८ असते. सेल बाहेर काढून मल्टीमीटरने पाहिला, तेव्हा तो ३.५८ व्होल्ट दाखवत होता. शिवाय मधल्या दिवसांत टक्केवारी एका नोंदीत ६१, पुढच्या नोंदीत ५३ आणि त्यानंतर पुन्हा ६० अशी वरखाली होत राहते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबून सेल कधी चार्ज करायचा हे ठरवता येत नाही.

म्हणून संरक्षण, चार्जिंग आणि चार्जची मोजणी या तिन्ही गोष्टी नव्याने निवडायचे मी ठरवले आहे. माझ्याकडे आयएनए२१९चे एक मॉड्यूल आहे. त्याने करंट मोजून बेरीज करत राहावी, की फ्युएल गेजची (उरलेला चार्ज सांगणारी) स्वतंत्र चिप घ्यावी? दोन सेल सिरीजमध्ये जोडले, तर व्होल्टेज कमी पडण्याचा प्रश्न सुटेल का? आणि थंडीत उपकरण घरात आणून महिना-दोन महिने यूएसबीला जोडलेलेच ठेवायचे झाल्यास टीपी४०५६चे मॉड्यूल त्याला योग्य आहे का? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन केल्यास मी आभारी राहीन.

सोल्डरची_तार:

नमस्कार. तुमच्या प्रश्नातला ३.५८ व्होल्टचा आकडा मला सर्वांत बोलका वाटला, कारण भार काढल्यावर तेवढे व्होल्टेज दाखवणारा लिथियम-आयन सेल संपलेला नसतो. त्यात पाव ते एकतृतीयांश चार्ज अजून शिल्लक असणार. उपकरण बंद पडण्याचे कारण सेल आणि ईएसपी३२ यांच्या मध्ये बसलेल्या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये शोधावे लागेल.

अशा बहुतेक बोर्डांवर एएमएस१११७ हा रेग्युलेटर असतो. त्याला आउटपुटपेक्षा सुमारे १.१ व्होल्ट जास्तीचे इनपुट लागते, म्हणजे ३.३ व्होल्ट मिळवायचे असतील तर ४.४ व्होल्ट द्यावे लागतात. पूर्ण चार्ज झालेला सेलसुद्धा ४.२ व्होल्टच देतो, त्यामुळे तुमचा ईएसपी३२ पहिल्या दिवसापासूनच ३.३ व्होल्टच्या खाली चालत आलेला आहे. भार हलका असेतोवर हे निभावून जाते. मात्र वाय-फाय सुरू होताच करंट क्षणभर ३००-४०० मिलिअँपिअरपर्यंत उसळतो. सेलचा अंतर्गत रोध, तारा आणि संरक्षणाचे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) यांच्यात थोडे व्होल्टेज पडते आणि ३.५८मधून १.१ वजा झाल्यावर चिपच्या वाट्याला जेमतेम २.४ व्होल्ट येतात. तिथे ब्राउनआउटची (व्होल्टेज घसरल्याची दखल घेणारी) यंत्रणा चिपला रीसेट करते, चिप पुन्हा सुरू होऊन पुन्हा वाय-फाय चालू करते आणि हाच फेरा सुरू राहतो. तुम्ही कितीही चांगला फ्युएल गेज बसवला, तरी हा रेग्युलेटर आहे तिथेच राहिला तर गेज अचूकपणे ३० टक्के दाखवेल आणि उपकरण तरीही बंद पडेल.

तेव्हा सर्वप्रथम रेग्युलेटर बदला. एस्प्रेसिफची डेटाशीट ईएसपी३२ला किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा असावा असे सांगते, म्हणून एमसीपी१७०० हा एरवी अत्यंत काटकसरी असलेला रेग्युलेटर येथे बसत नाही, कारण त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर आहे. आरटी९०८० हा ६०० मिलिअँपिअर देतो आणि स्वतः सुमारे २ मायक्रोअँपिअरच घेतो. एपी२११२ सुद्धा ६०० मिलिअँपिअर देतो, पण त्याचा स्वतःचा खर्च सुमारे ५५ मायक्रोअँपिअर आहे. यांपैकी कोणताही घेतला तरी सेल ३.५ व्होल्टच्या आसपास येईपर्यंत पूर्ण ३.३ व्होल्ट मिळतील आणि त्याखालीही काही काळ चिप व्यवस्थित चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे झोपेतला करंट, आणि माझ्या मते तुमचे बहुतेक दिवस तोच खात आहे. ईएसपी३२ची चिप डीप स्लीपमध्ये सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, हे खरे असले तरी बोर्ड तेवढ्यावर भागवत नाही. एएमएस१११७चा स्वतःचा खर्च ५ मिलिअँपिअरच्या आसपास असतो, यूएसबीची चिप आणि पॉवरचा एलईडी त्यात आपली भर घालतात, आणि ओलाव्याचा सेन्सर कायम चालू असेल तर तो आणखी ५ मिलिअँपिअर घेत राहतो. सेन्सरचा पुरवठा प्रोग्रॅमने चालू-बंद करता येणाऱ्या एखाद्या जीपीआयओ पिनवरून द्या, म्हणजे मोजणीपुरताच तो चालू होईल.

झोपेतला करंट मोजताना एक काळजी घ्या. मल्टीमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवला की त्याच्या आतला शंट (करंट मोजण्याचा रेझिस्टर) मोठा असतो, आणि चिप जागी असताना त्या शंटवर इतके व्होल्टेज पडते की चिप सुरूच होत नाही. मी मीटरच्या दोन्ही प्रोबांना समांतर एक छोटा स्विच जोडतो. चिप सुरू होऊन झोपेपर्यंत तो जोडलेला, म्हणजे मीटर वगळलेला, आणि झोप लागल्यावर तो उघडून आकडा वाचायचा. हा आकडा हाती आल्याखेरीज पुढची कोणतीही खरेदी करू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

शून्य_ओहम:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मी चार्जिंग आणि संरक्षण यांविषयी लिहितो, कारण टीपी४०५६च्या मॉड्यूलकडे अनेक जण 'बॅटरी मॅनेजमेंट' म्हणून पाहतात आणि त्याच्यावर जेवढा भार टाकू नये तेवढा टाकतात.

त्या मॉड्यूलवर दोन वेगळी कामे शेजारी शेजारी बसलेली असतात. टीपी४०५६ ही चार्जरची चिप आहे: ती आधी ठरावीक करंटने आणि मग ४.२ व्होल्टच्या ठरावीक व्होल्टेजवर चार्ज करते, आणि करंट ठरवलेल्या मूल्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत उतरला की थांबते. डीडब्ल्यू०१ए आणि तिच्यासोबतचा दुहेरी मॉसफेट हे संरक्षण आहे. हे संरक्षण म्हणजे शेवटचा अडसर असून रोजच्या वापराची मर्यादा नव्हे, कारण डीडब्ल्यू०१ए सेल तोडते ती २.४ व्होल्टला. सेलला सतत तिथपर्यंत नेले तर त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. रोजची मर्यादा प्रोग्रॅममध्ये ठेवावी, ३.३ व्होल्टच्या खाली गेल्यावर शेवटचा संदेश पाठवून कायमच्या डीप स्लीपमध्ये जाणे मला योग्य वाटते.

चार्जिंगचा करंट मॉड्यूलवरच्या एका रेझिस्टरने ठरतो. बाजारात येणाऱ्या मॉड्यूलवर तो १.२ किलोओहमचा असतो आणि त्याने १ अँपिअर करंट मिळतो. तुमच्या ३००० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला तो चालतो, पण ५०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या लिपो (लिथियम-पॉलिमर) सेलला तोच करंट दुप्पट क्षमतेचा होतो. अशा वेळी रेझिस्टर ५ किलोओहमचा केला की करंट सुमारे २५० मिलिअँपिअरवर येतो. हा लिनियर (जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवणारा) चार्जर असल्यामुळे सेल ३.३ व्होल्टवर असताना १ अँपिअरला १.७ वॉट उष्णता त्या एवढ्याशा चिपमधून बाहेर पडते. २ किलोओहमचा रेझिस्टर लावून ५८० मिलिअँपिअरने सावकाश चार्ज करावे, असे मी सुचवेन.

आता महिनाभर यूएसबीला जोडून ठेवण्याचा प्रश्न. येथे टीपी४०५६ला माझा स्पष्ट विरोध आहे, कारण त्याला पॉवर पाथ (भाराला सेलपासून वेगळा पुरवठा देण्याची सोय) नाही. तुमचा भार सेललाच समांतर जोडलेला असतो, त्यामुळे चार्जरला सेलमध्ये जाणारा करंट आणि भाराने ओढलेला करंट वेगळे ओळखता येत नाहीत. भार सतत १०० मिलिअँपिअरच्या वर असेल तर 'चार्ज पूर्ण' ही स्थिती कधी येतच नाही आणि सेल दिवसचे दिवस ४.२ व्होल्टवर धरून ठेवला जातो. तुमचे उपकरण बहुतांश वेळ झोपलेले असते म्हणून हे टोक गाठले जाणार नाही, तरीही सेल थोडा उतरणे आणि पुन्हा वर चढवला जाणे चालूच राहील. बीक्यू२४०७४ या चार्जरमध्ये यूएसबी जोडलेले असताना भार यूएसबीवर चालतो, सेल स्वतंत्रपणे चार्ज होऊन मोकळा राहतो, आणि भार अचानक वाढला तर सेल मदतीला येतो. एमसीपी७३८७१ हाही त्याच जातीचा आहे. बीक्यू२४०७४ला सेलजवळ लावायच्या १० किलोओहमच्या एनटीसी थर्मिस्टरसाठी (तापमान ओळखणाऱ्या रेझिस्टरसाठी) पिन आहे आणि ती तुम्ही जरूर वापरा, कारण ० अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम-आयन सेल चार्ज केला तर ॲनोडवर धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून येत नाही. टीपी४०५६च्या मॉड्यूलवर तापमानाची पिन बहुधा ग्राउंडला जोडून निष्क्रिय केलेली असते.

पॉवर बँकसाठी बनवलेली आयपी५३०६सारखी चिप घेण्याचा मोह होईल, तो टाळा. भार सुमारे ४५ मिलिअँपिअरच्या खाली गेला की ती थोड्या वेळाने आउटपुटच बंद करते, आणि झोपणारे उपकरण तिच्या दृष्टीने काढून टाकलेल्या फोनसारखे असते.

शेवटी एक स्वतःचा अनुभव सांगतो. या मॉड्यूलवर सेलची ऋण बाजू आणि आउटपुटची ऋण बाजू असे दोन वेगळे बिंदू असतात आणि संरक्षणाचे मॉसफेट त्या दोहोंच्या मध्ये बसलेले असतात. मी व्होल्टेज निम्मे करणाऱ्या रेझिस्टरांचे खालचे टोक जवळ पडते म्हणून सेलच्या ऋण बाजूला सोल्डर केले आणि त्याच टोकावरून कंट्रोलरच्या ग्राउंडला एक तार ओढली. त्या एका तारेने मॉसफेट वगळले गेले. उपकरण कपाटात राहिले, प्रोग्रॅम कुठेतरी अडकला, आणि पाच आठवड्यांनी सेल १.९ व्होल्टवर सापडला. इतका खोल उतरलेला सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते, कारण ॲनोडकडचे तांबे विरघळून आत शॉर्ट होण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून तो मी वापरातून काढला. सगळ्या मंडलाचे ग्राउंड आउटपुटच्या ऋण बिंदूवरच यावे, हे कृपया दोनदा तपासा.

ओलावा_नोंद:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे समांतर स्विच लावून झोपेतला करंट मोजला, तो १३.८ मिलिअँपिअर भरला. इतका असेल असे मला वाटले नव्हते. जागेपणीचा काळ दर वेळी साधारण ६ सेकंद आहे आणि त्या काळात सरासरी १२० मिलिअँपिअर जातात. आता फक्त मोजणीचा प्रश्न उरतो: आयएनए२१९ की फ्युएल गेज?

कूलंब_मोजणारी:

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून आधी हिशेब मांडते, कारण मोजणीची पद्धत त्या हिशेबातूनच ठरते. दिवसाला ९६ वेळा ६ सेकंद म्हणजे ५७६ सेकंद, आणि १२० मिलिअँपिअरने त्यांचे १९.२ मिलिअँपिअर-तास होतात. झोपेतले १३.८ मिलिअँपिअर दिवसभरात ३३१ मिलिअँपिअर-तास खातात. एकूण ३५० धरले तर सहा दिवसांत २१०० जातात आणि ३०००पैकी ९०० उरतात, म्हणजे ३० टक्के. पहिल्या प्रतिसादात ३.५८ व्होल्टवरून बांधलेला अंदाज याच्याशी तंतोतंत जुळतो. रेग्युलेटर बदलून आणि सेन्सर बंद ठेवून झोपेतला करंट ६० मायक्रोअँपिअरवर आणलात, तर दिवसाचा खर्च २०.६ मिलिअँपिअर-तासांवर येईल आणि सेलचे २५०० मिलिअँपिअर-तास प्रत्यक्ष वापरता आले तरी उपकरण चार महिने चालेल.

या उपकरणाला आयएनए२१९ लावणे मला योग्य वाटत नाही. ती चिप चालू असताना स्वतः ०.७ ते १ मिलिअँपिअर घेते. ०.७ धरले तरी दिवसाचे १६.८ मिलिअँपिअर-तास झाले, म्हणजे नव्या मांडणीत तुमच्या संपूर्ण उपकरणाच्या खर्चाच्या जवळपास तेवढाच खर्च मोजणाऱ्याचा होईल. तिला झोपवता येते, पण मग झोपेतला करंट कोण मोजणार? शिवाय ती करंटची बेरीज स्वतः करत नाही. बेरीज कंट्रोलरला करावी लागते आणि तुमचा कंट्रोलर दिवसातले जेमतेम १० मिनिटे जागा असतो. तिच्या मॉड्यूलवर ०.१ ओहमचा शंट असतो, आणि १०० मायक्रोव्होल्टपर्यंतची शून्यत्रुटी डेटाशीटला मान्य आहे, ०.१ ओहमवर त्याचा अर्थ १ मिलिअँपिअर होतो. ज्या तराजूचा काटा मुळात १ मिलिअँपिअरने हलू शकतो, त्यावर ६० मायक्रोअँपिअर तोलता येणार नाहीत, आणि अशी चूक दर सेकंदाला बेरजेत मिसळत राहिली तर महिनाभराने त्या बेरजेला अर्थ उरत नाही. मोटर, ध्वनिवर्धक किंवा दिवे अशा सतत शेकडो मिलिअँपिअर ओढणाऱ्या प्रकल्पात मात्र आयएनए२१९ किंवा तिची अधिक अचूक बहीण आयएनए२२६ उत्तम काम करते. तेथेही पूर्ण चार्ज झाल्यावर बेरीज १०० टक्क्यांवर आणून नव्याने सुरू करावी लागते.

तुमच्यासाठी मी मॅक्स१७०४८ ही फ्युएल गेजची चिप सुचवते. तिला शंट लागत नाही. ती केवळ सेलचे व्होल्टेज पाहते, पण सरळ प्रमाण न लावता सेलच्या वर्तनाचे आत साठवलेले प्रतिमान वापरून, व्होल्टेज कसे बदलत गेले यावरून टक्केवारी काढते. त्यामुळे वाय-फायच्या क्षणिक घसरणीने तिचा आकडा उड्या मारत नाही. जागेपणी ती सुमारे २३ मायक्रोअँपिअर घेते आणि भार अगदी कमी झाला की स्वतःहून हायबरनेट स्थितीत जाऊन काही मायक्रोअँपिअरवर उतरते. आय-टू-सी बसवरचा (चिपांनी एकमेकींशी बोलण्याच्या दोन तारांवरचा) तिचा पत्ता ०एक्स३६ आहे. व्होल्टेजचे रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवण्याची जागा) ०एक्स०२ असून त्याची एक पायरी ७८.१२५ मायक्रोव्होल्टची आहे. टक्केवारीचे रजिस्टर ०एक्स०४ असून त्याचा वरचा बाइट पूर्ण टक्के देतो. एवढी दोन रजिस्टरे वाचली की तुमचे काम झाले, लायब्ररी नसली तरी चालते.

तिच्या दोन अटी मात्र लक्षात ठेवा. तिचा पुरवठा कधीही तोडू नका, कारण पुरवठा मिळाल्याक्षणी जे व्होल्टेज दिसेल ते विश्रांतीतल्या सेलचे आहे असे गृहीत धरून ती पहिला अंदाज बांधते. त्याच क्षणी वाय-फाय चालू असेल तर अंदाज खाली घसरतो आणि सावरायला वेळ लागतो. सेल बदलल्यावर कंट्रोलरला काही सेकंद थांबायला सांगा. दुसरे, तिचे मूळ प्रतिमान ४.२ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम-आयन सेलांसाठी आहे. उद्या तुम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल घेतलात, तर ती उपयोगाची नाही. त्या सेलचे व्होल्टेज चार्जच्या बहुतांश पल्ल्यात ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास इतके सपाट राहते की केवळ व्होल्टेजवरून मधला चार्ज ओळखणे कोणालाच साधत नाही. तेथे करंट मोजणारा गेजच हवा.

बीक्यू२७४४१ या फ्युएल गेजचा पर्यायही तुमच्या वाचनात येईल. तो १० मिलिओहमचा शंट वापरतो, सेलचा अंतर्गत रोध शिकत जातो आणि दुरुस्त टक्केवारीबरोबर उरलेले मिलिअँपिअर-तासही देतो. मी तो एका हातात धरायच्या मोजमाप-यंत्रात वापरते आणि त्यावर समाधानी आहे. मात्र त्याला सेलची क्षमता आधी सांगावी लागते, आणि ही माहिती रॅममध्ये असल्याने सेल काढला की पुसली जाते. सुरुवातीला त्याचा रीसेटचा फ्लॅग तपासून ती पुन्हा भरणे विसरलात, तर तो मनाने धरलेल्या क्षमतेवर हिशेब करत राहतो आणि आकडे दिसायला अगदी विश्वासार्ह दिसतात.

तक्ता_वही:

माझे मत थोडे वेगळे आहे. दर १५ मिनिटांनी काही सेकंद जागे होणाऱ्या उपकरणाला फ्युएल गेजची खरोखर गरज आहे का? सेल पावणेपंधरा मिनिटे जवळजवळ विश्रांतीत असतो, म्हणजे जागे होताच, वाय-फाय सुरू करण्यापूर्वी घेतलेले व्होल्टेज हे जवळपास उघड्या सेलचेच व्होल्टेज असते. तुमची टक्केवारी ६१वरून ५३वर जाते आणि परत येते, याचे कारण तुम्ही बहुधा वाय-फाय चालू झाल्यावर वाचन घेत आहात. वाचन आधी घ्या, १६ वाचनांची सरासरी काढा, एडीसीच्या पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ठेवा, आणि एडीसी१ची पिन वापरा, कारण वाय-फाय चालू असताना ईएसपी३२चा एडीसी२ वापरता येत नाही. ईएसपी३२चा एडीसी सरळ रेषेत चालत नाही, म्हणून चांगल्या मल्टीमीटरशी ताडून त्याची दुरुस्ती करून घ्यावी.

रेझिस्टर १०० किलोओहमऐवजी १ मेगाओहमचे घ्या. सध्याचे २०० किलोओहम ४.२ व्होल्टवर सतत २१ मायक्रोअँपिअर ओढतात. वर्षाचे ते १८४ मिलिअँपिअर-तास होतात. १ मेगाओहमच्या जोडीने ते दहाव्या हिश्शावर येतात.

आणि सरळ प्रमाण सोडून द्या. अनेक लिपो सेलांत ३.७ व्होल्टला जेमतेम १५-२० टक्के चार्ज उरलेला असतो, तर सरळ प्रमाण तेथे ५८ दाखवते. १८६५०च्या सेलांत वक्र निराळा असतो, म्हणून कोणाचाही तयार तक्ता उचलू नका. स्वतःचा सेल पूर्ण चार्ज करा, एका रेझिस्टरवर सावकाश उतरवा, ठरावीक चार्ज गेल्यावर भार काढून अर्धा तास थांबा आणि व्होल्टेज लिहून घ्या. अशा १०-१२ बिंदूंचा तक्ता आणि मधल्या जागी सरळ रेषा, एवढ्यात ५ ते १० टक्क्यांच्या आत अचूकता मिळते. या कामाला एक पूर्ण दिवस लागतो, पण सेल कसा वागतो हे त्या दिवसात जितके कळते तितके कोणत्याही डेटाशीटने मला शिकवले नाही.

कूलंब_मोजणारी:

तक्ता_वही यांचे म्हणणे या विशिष्ट भारासाठी मला पटते, आणि वाचन वाय-फायपूर्वी घ्यावे हे तर गेज असतानाही पाळावे. माझी हरकत एवढीच की एडीसीची दुरुस्ती प्रत्येक चिपसाठी वेगळी करावी लागते आणि सेल जुना झाला की तक्ता पुन्हा करावा लागतो. एकच उपकरण असेल आणि दिवसभर बसायची तयारी असेल, तर तक्ता करावा. तीन-चार उपकरणे करायची असतील, तर गेज घ्यावा.

शून्य_ओहम:

सिरीजचा प्रश्न मागे राहिला, त्याचे थोडक्यात उत्तर देतो. ३.३ व्होल्टच्या उपकरणासाठी दोन सेल सिरीजमध्ये लावू नका. चार्जर ८.४ व्होल्टचा लागेल, स्टेप-डाउन कन्व्हर्टर झोपेतही करंट घेईल, आणि सेलांमधला समतोल राखण्याची नवी जबाबदारी येईल. समतोलाची सोय नसलेल्या एका दोन सेलांच्या संचात मी चार्ज पूर्ण झाल्यावर प्रत्येक सेल वेगळा मोजला, तेव्हा एक ४.२७ आणि दुसरा ४.१३ व्होल्ट निघाला. बेरीज नेमकी ८.४० होती आणि चार्जर त्या बेरजेवर समाधानी होता. मोटर किंवा ध्वनिवर्धकासाठी सिरीज अटळ असेल, तर समतोल राखणारा संरक्षण-बोर्ड घ्या, आणि तो बोर्ड चार्जर नसतो हे लक्षात ठेवून चार्जर वेगळा घ्या. तुम्हाला जास्त दिवस हवे असतील, तर एकाच प्रकारचे दोन सेल समांतर जोडा, मात्र जोडण्यापूर्वी दोघांचे व्होल्टेज एकसारखे करून घ्या, ४.२ आणि ३.४ व्होल्टचे सेल थेट जोडले तर एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या करंटवर कोणाचेच नियंत्रण नसते.

ओलावा_नोंद:

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आकडे हाती आल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते. डेव्हलपमेंट बोर्ड काढून ईएसपी३२चे नुसते मॉड्यूल, आरटी९०८०, बीक्यू२४०७४ आणि मॅक्स१७०४८ अशी मांडणी केली. नव्या चार्जरबरोबर डीडब्ल्यू०१ए राहिली नाही, म्हणून संरक्षण-मंडल अंगावरच बसवलेला १८६५० सेल घेतला. सेन्सर आता जीपीआयओवरून चालतो. झोपेतला करंट ६२ मायक्रोअँपिअर आहे. पूर्ण चार्ज केल्यावर गेज ९९ टक्के दाखवत होता, आज २१ दिवसांनी ८४ दाखवतो. हिशेबाने दिवसाला २०.६ प्रमाणे ४३३ मिलिअँपिअर-तास जायला हवे होते, म्हणजे १४ टक्क्यांहून थोडे अधिक. एकही नोंद मागच्या नोंदीपेक्षा वर गेलेली नाही. रेझिस्टरांची जोडीही १ मेगाओहमची करून तशीच ठेवली आहे आणि दुसऱ्या एका सेलवर तक्ता करायला घेतला आहे.

एक शेवटची शंका: मॅक्स१७०४८च्या अलर्ट पिनने ईएसपी३२ला १० टक्क्यांवर जागे करायचे आहे. पिन थेट जोडली तर चालेल का? मी तसे करून पाहिले, तेव्हा चिप एकदा जागी झाल्यावर झोपेनाशी झाली.

कूलंब_मोजणारी:

तुमचे आकडे पाहून आनंद झाला. अलर्टची मर्यादा १ ते ३२ टक्क्यांमध्ये कुठेही ठेवता येते, त्यामुळे १० चालेल. ती पिन ओपन-ड्रेन (फक्त खाली ओढू शकणारी) असून इशारा देताना खाली जाते, म्हणून तिला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा पुल-अप रेझिस्टर लागतो. १ मेगाओहम पुरेसा आहे. ईएसपी३२च्या बाजूला डीप स्लीपमध्ये जिवंत राहणारी आरटीसीची जीपीआयओ पिन निवडा. चिप झोपेनाशी होते, याचे कारण इशारा दिल्यावर पिन आपोआप वर येत नाही. जागे झाल्यावर कॉन्फिग रजिस्टरमधला अलर्टचा बिट प्रोग्रॅमने पुसावा लागतो, नाहीतर ईएसपी३२ झोपायला जाताच तीच खालची पातळी पाहून लगेच उठतो. बिट पुसा, पिन वर आली आहे हे एकदा वाचून खात्री करा, आणि मगच झोपेची आज्ञा द्या.